दार्जिलिंगमध्ये एक दिवस: सकाळी चौक बाजार, दुपारी कोळशाची गाडी

दार्जिलिंगला सहकुटुंब जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत टॉय ट्रेन असते, आणि गोंधळही तिच्याच तिकिटापासून सुरू होतो. कुणी वाफेचं इंजिन समजून डिझेलच्या गाडीत बसतं, कुणी दोन तासांच्या फेरीऐवजी सात तासांचा प्रवास बुक करतं, तर कुणी पहाटे तीनला उठून सूर्योदय बघायला टायगर हिल गाठतं आणि दुपारी गाडीत सगळं घर डुलक्या देत असतं. आम्ही आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना घेऊन हा दिवस केला आहे. त्यातून जे उमगलं ते क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. या दिवसात गाडीची वेळ ठरलेली असते, बाजाराची नाही. म्हणून आधी गाडीचं तिकीट, मग राहण्याची जागा आणि उरलेल्या वेळात बाजार, अशी आखणी करा. आधी हॉटेल ठरवून मग तिकीट शोधणाऱ्यांना हमखास नको त्या वेळेची गाडी मिळते.

१. नेमकी कोणती गाडी हवी ते ठरवा

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेच्या दोन अगदी वेगळ्या गाड्यांना लोक सरसकट टॉय ट्रेन म्हणतात.

पहिली न्यू जलपाईगुडीहून दार्जिलिंगला येणारी. अंतर ८८ किलोमीटर, वेळ सात तासांहून जास्त, आणि इंजिन डिझेलचं. रेल्वेवेड्या माणसासाठी हा प्रवास म्हणजे चैन आहे, पण लहान मुलं चौथ्या तासाला "अजून किती वेळ?" सुरू करतात.

दुसरी जॉयराइड. दार्जिलिंग ते घूम आणि परत, साधारण दोन तासांची फेरी. वाटेत बतासिया लूप या रुळांच्या वळशावर दहा मिनिटं आणि घूमला सुमारे अर्धा तास थांबा. आपल्याला हवी ती ही. मात्र जॉयराइडच्या काही फेऱ्या वाफेच्या इंजिनावर असतात आणि काही डिझेलवर. नाव एकच असल्यामुळे घोळ होतो. भाड्यावरून फरक पटकन कळतो: वाफेची फेरी माणशी दीड हजाराच्या घरात, डिझेलची हजाराच्या आसपास. नेमका आकडा बुक करताना दिसतोच. दोन्हींत स्वस्त ती निवडली आणि मुलांना मात्र 'झुकझुक गाडी' कबूल केली, तर स्टेशनवर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

घरात कुणाला दमा असेल तर मात्र डिझेलचीच घ्या. कोळशाचा धूर डब्यात येतो, आणि दार्जिलिंगच्या थंड, दमट हवेत तो लवकर विरत नाही.

ज्यांनी माथेरानची गाडी पाहिली आहे त्यांच्यासाठी: रुळांचं माप तेच आहे, दोन फुटी. पण माथेरानला वाफेची इंजिनं कधीच निवृत्त झाली, इथे ती अजून कामावर येतात. रेल्वे १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पोहोचली. आज दिसणारी 'बी' वर्गाची चार चाकी इंजिनं १८८९ ते १९२५ या काळात बांधली गेली, म्हणजे त्यातलं सगळ्यात तरुण इंजिनही शंभरीचं झालं. १९९९ साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो उगाच नाही.

२. महिना ठरवताना सूर्यास्ताकडे बघा

महाराष्ट्रातून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेतून ही बाब सुटते. घड्याळ देशभर एकच असलं तरी दार्जिलिंग आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत, समजा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मुंबईत सूर्य सहानंतर मावळतो. दार्जिलिंगला तो पाचच्या आतच जातो. दुपारी चारच्या सुमाराची फेरी घेतली तर परतीचा अर्धा रस्ता अंधारात जातो, आणि बाहेर बघायला काही उरत नाही. दिवाळीत गेलात तर साडेदहा ते दीडच्या दरम्यान सुटणारी फेरी शोधा. मे महिन्यात सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो, त्यामुळे थोडी मोकळीक मिळते.

हवामानाचं म्हणाल, तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर आकाश स्वच्छ असतं आणि कांचनजंगा दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मेमध्ये हवा सुखद असते, पण ढग शिखर झाकून ठेवतात. जून ते सप्टेंबर या बेतासाठी सोडूनच द्या. दरडी कोसळतात, रूळ वाहून जातात, गाड्या बंद राहतात.

३. तिकीट काढणे

जॉयराइड आयआरसीटीसीवर बुक होते. 'कुठून' या रकान्यात दार्जिलिंगचा कोड डीजे घाला, आणि 'कुठे' मध्ये घूम न टाकता डीजेआरझेड. हा फेरीसाठीच दिलेला वेगळा कोड आहे. तो माहीत नसला की गाडी सापडत नाही, आणि लोक "ऑनलाइन मिळत नाही" म्हणून एजंटाला जादा पैसे मोजतात.

आयआरसीटीसीचं खातं आधीच उघडून, आधार पडताळणी करून ठेवा. बुकिंगच्या दिवशी ओटीपीची वाट बघत बसायची वेळ नको. डब्यात जागा मोजक्याच असतात, आणि पूजा ते दिवाळी या काळात अख्खा बंगाल दार्जिलिंगला लोटतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी निदान गाडीत जागा आहे का एवढं तरी बघा.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण सीटही मिळत नाही. त्याला दोन तास मांडीवर घ्यायची तयारी असेल तरच ते पैसे वाचवा. खिडकीशी भांडण होणारच आहे. पाच वर्षांपुढच्या मुलाला सीट हवी तर पूर्ण भाडं.

ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते हातात घेऊन स्टेशनवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दार्जिलिंग स्टेशनच्या खिडकीवर चौकशी करा, एखाददुसरी जागा निघू शकते. मोठ्या कुटुंबाने मात्र या आशेवर जाऊ नये.

४. बरोबर काय घ्यायचं

- तिकिटाची पीडीएफ, दोघांच्या फोनमध्ये. शिवाय एक छापील प्रत.
- मूळ ओळखपत्र, मोठ्यांपैकी प्रत्येकाचं. ते हॉटेललाही लागतं. मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्र.
- रोख पैसे, सुट्ट्या नोटांसह. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण डोंगरात रेंजचा भरवसा नाही.
- एकावर एक घालता येतील असे कपडे. उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि ढग आला की दहा मिनिटांत कानटोपी आठवते.
- गाडीसाठी गडद रंगाचं, धुऊन निघेल असं जाकीट. पांढरा स्वेटर हॉटेलवरच राहू दे.
- मुलांसाठी साधे गॉगल, आणि सगळ्यांसाठी मोठे रुमाल. का, ते पुढे येईलच.
- दोन रिकाम्या कापडी पिशव्या, बाजारासाठी.

भारतीय नागरिकांना दार्जिलिंगसाठी कुठलाही परवाना लागत नाही. सिलिगुडीत कुणी "परमिट काढून देतो" म्हणालं तर हसून पुढे जा.

५. आदल्या दिवशी पोहोचा, आणि टायगर हिल दुसऱ्या दिवसावर ढकला

बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपाईगुडी स्टेशनहून दार्जिलिंग सत्तरेक किलोमीटर, पण घाटाचे तीन ते चार तास धरा. हंगामात त्याहून जास्त. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, पहिल्या वळणानंतर नव्हे.

पोहोचलात की हॉटेलवाला आणि ड्रायव्हर दोघंही विचारतील, "उद्या पहाटे टायगर हिल?" ठाम नाही म्हणा. त्यासाठी तीन-साडेतीनला उठावं लागतं आणि पुढचा अख्खा दिवस त्या जागरणाखाली जातो. ज्या दिवशी जॉयराइड, त्या दिवशी टायगर हिल नाही, हा नियमच करा. कांचनजंगा बघायला सकाळी सहाला चौरस्ता या गावाच्या वरच्या चौकात जाऊन महाकाल मंदिराच्या टेकडीला वळसा घातला तरी पुरतं. आकाश मोकळं असेल तर ८,५८६ मीटरचा तो डोंगर समोरच उभा असतो, फुकट.

६. चौरस्त्यावरून उतरत बाजारात

दार्जिलिंग हे जिन्यांचं गाव आहे. वर चौरस्ता, म्हणजे मॉल रोडवरचा मोकळा चौक. बरंच खाली हिल कार्ट रोड. चौक बाजार आणि रेल्वे स्टेशन दोन्ही या खालच्या रस्त्यावर. म्हणून दिवसाची दिशा वरून खाली ठेवा: न्याहारी वर, मग चालत उतरत बाजार, मग हिल कार्ट रोडने चालत स्टेशन. चढायची वेळ शेवटी येते, तेव्हा टॅक्सी करा. टॅक्सी क्लबसाइडच्या टॅक्सी थांब्यापर्यंतच येते, चौरस्त्यावर वाहनांना बंदी आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना उतारही झेपत नसेल, तर तिथूनच सकाळी खाली जायलाही टॅक्सी मिळते.

नऊच्या सुमारास बाजारात असा. गर्दी वाढायच्या आत दोन तास मिळतात.

७. चौक बाजारात काय बघायचं, काय घ्यायचं

चौरस्त्याच्या आसपासची दुकानं पर्यटकांसाठी आहेत, चौक बाजार दार्जिलिंगकरांसाठी. भाजी, मसाले, डाळी, भांडी, जुने कपडे, देवाचं सामान, सगळं एकमेकांना खेटून. गल्ल्या अरुंद आणि ओल्या असतात, पायात घट्ट बूट हवेत. मुलांचा हात धरून ठेवा, आणि हरवल्यास भेटायची जागा आधीच ठरवा.

भाषा नेपाळी, पण हिंदी सगळ्यांना येते. तरी दुकानदाराला "दाजू" आणि दुकानदारीणबाईंना "दिदी" म्हणून हाक मारली की चेहरा खुलतो. भाव विचारायला "कति हो?" एवढं पुरे. भाजीवाल्या बायकांशी घासाघीस करू नका, तिथे भाव वाजवीच असतात. लोकरी कपड्यांत मात्र जरूर करा.

मुलांना भाज्यांची ओळख करून द्यायला ही जागा फार छान. इस्कुस नावाचा हिरवा, सुरकुतलेला, काहीसा पेरूसारखा दिसणारा फळभाजीचा प्रकार. वाळवलेला आंबूस पाला, त्याचं नाव गुंद्रुक. आणि डल्ले खुर्सानी, बोराएवढी गोल लाल मिरची. ही मिरची दिसायला गोंडस आहे, पण चाखून बघायचं धाडस मुलांना करू देऊ नका. लवंगी मिरचीवर वाढलेल्या मोठ्यांनीही बेतानेच.

घरी न्यायला मी तीन गोष्टी सुचवेन.

पहिली, मसाला वेलची. ही मोठी काळपट वेलची याच डोंगरांत आणि शेजारच्या सिक्कीममध्ये पिकते. आपण गोडा मसाला करताना तीच विकत आणतो. इथली ताजी असते, नखाने सोलली की धुरकट वास येतो. दाणे चिकट आणि ओलसर हवेत, कोरडे ठणठणीत असतील तर माल जुना आहे.

दुसरी, छुर्पी. दुधापासून केलेलं, दगडासारखं कडक चीज. चावायचं नसतं, गालात धरून चघळायचं. गाडीतल्या दोन तासांसाठी मोठ्या मुलांना हा उत्तम उद्योग आहे. तीन-चार वर्षांच्या पोरांना देऊ नका, घशात अडकेल. आजोबांच्या कवळीचाही विचार करा.

तिसरी, चहा, आणि इथे जरा सावध राहा. खुला चहा दार्जिलिंगचा म्हणून विकतात, पण त्यातला बराचसा सीमेपलीकडून, नेपाळमधून आलेला असतो. वाईट असतो असं नाही, पण भाव दार्जिलिंगचा लावतात. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळवणारा हा देशातला पहिला माल. पाकिटावर चहाची पानं हातात धरलेल्या बाईचं गोल चिन्ह असतं, ते बघून घ्या. मार्च-एप्रिलचा पहिला तोडा फिकट आणि फुलांच्या वासाचा, मे-जूनचा दुसरा रंगाने गडद आणि भारदस्त. आणि कृपा करून तो आलं, साखर, दूध घालून उकळू नका. घरात तसाच चहा चालत असेल तर महागडं पाकीट घेण्यात अर्थ नाही, साध्या दाणेदार आसाम चहात ते काम जास्त चांगलं होतं.

लोकरीच्या 'हाताने विणलेल्या' शाली बहुतेक यंत्रावरच्या असतात. खरंच हातमागाचं हवं असेल तर १९५९ साली सुरू झालेल्या तिबेटी निर्वासित स्वयंसहायता केंद्रात वेगळ्या दिवशी जा.

८. गाडीआधीचं पोटभर, पण हलकं

मोमो घेताना आत काय आहे ते प्रत्येक वेळी विचारा. डुक्कर आणि बीफ इथे सर्रास असतं, आणि एकाच भांड्यात सगळे प्रकार वाफवतात. थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, 'व्हेज' असला तरी त्याचं पाणी मांसाचं असू शकतं. शाकाहारी कुटुंबासाठी सगळ्यात निर्धास्त म्हणजे सेल रोटी आणि आलूदम. सेल रोटी तांदळाच्या पिठाची, तळलेली, बांगडीसारखी. मुलं ती हातात घालून फिरतात आणि मग खातात.

९. स्टेशनवर तासभर आधी

चौक बाजारातून स्टेशनला चालत जा. हंगामात हिल कार्ट रोड वाहनांनी तुंबलेला असतो, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या चालीच्या अंतराला टॅक्सी त्याहून जास्त वेळ घेते.

लवकर जायचं ते फक्त गाडी चुकू नये म्हणून नाही. स्टेशनासमोरच इंजिनांची शेड आहे. तिथे इंजिनांत कोळसा भरणं, पाणी घेणं, तेल घालणं चालू असतं. रस्त्यावरूनही बरंच दिसतं, आत शिरायचं तर आधी विचारा. इंजिनांना नावं आहेत: हिमालयन बर्ड, आयर्न शेर्पा, टस्कर. मुलांना नावाची पाटी शोधायला सांगा. बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली टाकी पाण्याची. पुढच्या दांड्यावर जी दोन माणसं बसतात त्यांचं काम मुलांना नक्की दाखवा: चढावर चाकं घसरू नयेत म्हणून ती रुळांवर हाताने वाळू सोडत जातात. शंभर वर्षांत या कामाला यंत्र लागलेलं नाही.

सामानाच्या पिशव्या कमी ठेवा. डबे लहान आहेत, पायाशी जागा जेमतेम.

१०. गाडीत

रूळ रस्त्याच्या कडेने, कधी रस्ता ओलांडत, दुकानांच्या पायऱ्यांना चाटून जातात. हात बाहेर काढला तर कुणाच्या दुकानातली टांगलेली पिशवी हाताला लागेल, इतक्या जवळून. म्हणून हात, डोकं, मोबाइल, सगळं आत. खिडकीत बसलेल्याच्या डोळ्यांत कोळशाची कणी जाण्याची शक्यता मोठी, त्यासाठीच ते गॉगल. गेलीच तर डोळा चोळू न देता पाण्याने धुवा. इंजिनालगतच्या डब्यात आवाज आणि वास भरपूर मिळतो, धूरही तितकाच.

शिट्टी कानठळ्या बसवणारी आहे. तान्हं मूल बरोबर असेल तर कानांवर टोपी हवीच.

बतासिया लूपला गाडी स्वतःच्याच रुळावरून वळसा घालून चढते. हा लूप १९१९ सालचा. मधल्या बागेत गोरखा सैनिकांचं स्मारक आहे, ते १९९५ मध्ये झालं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. स्मारक बघून, एक घरचा फोटो काढून परत फिरा. पारंपरिक नेपाळी पोशाख भाड्याने घालून फोटो काढून देणारे तिथे असतात. त्यांच्या नादाला लागलात की गाडीची शिट्टी ऐकू येते तेव्हा एक बाही अजून अडकलेली असते.

११. घूम

२,२५८ मीटरवरचं घूम हे देशातलं सगळ्यात उंचावरचं रेल्वे स्टेशन. इथला अर्धा तास कसा वापरायचा ते आधीच ठरवा. १८५० सालचा घूमचा मठ फार सुंदर आहे, पण तो या अर्ध्या तासात बसत नाही. धावत जाणारे काहीजण नेहमी असतात, आणि परत येतात तेही धावतच. मठ टॅक्सीने दुसऱ्या दिवशी करा, टायगर हिलच्या वाटेवरच आहे.

स्टेशनातच रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, ते दहा मिनिटांत होतं. उरलेला वेळ फलाटावर थांबा. इंजिन गाडीपासून सोडवून बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकाला नेऊन जोडतात. कप्लिंग जोडणारा माणूस, वाफेचा फुत्कार, ड्रायव्हरचे हातवारे, हे सगळं हातभर अंतरावरून दिसतं. आमच्या मते अख्ख्या फेरीतलं बघण्यासारखं हेच, आणि बरेच प्रवासी तेव्हा चहाच्या टपरीवर असतात. घूमला ढग आणि गारवा दार्जिलिंगपेक्षा जास्त, उतरण्यापूर्वी जाकीट घाला.

परतीचा रस्ता उताराचा, गाडी हलकी धावते. मुलं इथे झोपली तर झोपू द्या.

१२. परत आल्यावर

स्टेशनबाहेर टॅक्सी करून क्लबसाइडला जा, वर चालत चढायचा हट्ट कुणी धरू नये. हॉटेलवर गेल्याबरोबर सगळ्यांचे केस आणि चेहरे धुवा, उशीचे अभ्रे काळे झाले की हॉटेलवाले नाराज होतात.

खरेदी बांधताना चहाचं पाकीट वेलचीपासून वेगळं ठेवा, चहा दुसऱ्याचा वास पटकन उचलतो. डल्लेचं तेलातलं लोणचं घेतलं असेल तर ते विमानाच्या हातातल्या सामानात नको, तपासणीत काढून घेतात. बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी, वरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि मोठ्या बॅगेत मधोमध, जुन्या कपड्यांत गुंडाळून.